बेळगाव-खानापूर परिसरातल्या पाणथळ जागा: वनस्पती, जीव आणि निगा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बळ्ळारी नाल्याचं शिवार, खानापूरचे सडे (जांभ्या खडकाची सपाट माथ्याची पठारं), हिडकल धरण आणि धुपदाळ बंधाऱ्याचं फुगलेलं पाणी, चिकोडी-निपाणीकडचे दूधगंगा-वेदगंगेचे काठ आणि गावोगावची तळी. या सगळ्यांबद्दल शेतकरी, घरमालक आणि हौशी मंडळी जे विचारतात त्याची उत्तरं इथे आहेत. काही उत्तरं लांब झाली आहेत, कारण काम तिथेच बिघडतं.

पाणथळ जागा नेमकी कशाला म्हणायची? आमचं शेत पावसाळ्यात दोन महिने ओलं असतं, ते धरायचं का?

मुळांच्या खोलीपर्यंतची माती दरवर्षी सलग काही आठवडे पाण्याने भरून राहत असेल, तर ती जागा पाणथळ. पाणी डोळ्यांना दिसलंच पाहिजे असं नाही. हातभर खड्डा काढून माती बघा. रंग राखाडी-निळसर आणि त्यात गंजासारख्या तांबूस रेघा असतील, तर तिथे पाणी टिकतं हे नक्की. मातीतला प्राणवायू संपला की लोह विरघळतं आणि मातीचा तांबडेपणा जातो. मुळांच्या आजूबाजूला थोडी हवा मिळते, तिथे तेच लोह पुन्हा गंजतं. ढेकूळ फोडल्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला तरी तोच अर्थ. काळ्या रानात मात्र रंगाची ही कसोटी फसते, कारण माती मुळातच गडद. तिथे उगवलेलं गवत बघावं. लव्हाळा एकटा असेल तर काहीच सिद्ध होत नाही, तो कोरड्या बांधावरही येतो. लव्हाळ्यासोबत पाणकणीस, पाणलवंग, कोळशिंदा दिसले तर शंका नको.

तुमचं भातशेत या अर्थाने पाणथळच आहे. कायद्याच्या अर्थाने नाही, ते शेवटच्या प्रश्नात.

भाताची, कमळाची मुळं चिखलात कुजत नाहीत, मग मिरची दोन दिवसांत का मरते?

मुळांनाही श्वास लागतो. साचलेल्या पाण्यात हवा फार हळू सरकते, त्यामुळे मिरचीची मुळं गुदमरतात आणि मग बुरशी काम पूर्ण करते. पाणवनस्पतींच्या देठात आणि मुळात हवेच्या मोकळ्या नळ्या असतात. कमळाचा देठ आडवा कापून बघा. काही मोठी आणि काही बारीक भोकं दिसतील. देठाचं एक टोक पाण्यात धरून दुसऱ्या टोकाने फुंकलं तर खाली बुडबुडे येतात. कोवळ्या पानात ऊन्हाने तापलेली हवा दाबाने देठातून खाली कंदाकडे जाते आणि जुन्या पानांवाटे बाहेर पडते. म्हणूनच पावसाळ्याच्या तोंडावर तळं साफ करताना कमळाची सगळी पानं पाण्याखाली कापली, तर उघड्या देठांत पाणी शिरतं आणि कंद कुजू शकतो. कापायचंच असेल तर पाण्याच्या वर वीतभर देठ ठेवा.

कोणती वनस्पती किती पाण्यात लावायची?

रोपवाटिकेतून आणलेली निम्मी रोपं इथेच वाया जातात. उन्हाळ्यात पाणी कमी असताना लावतात आणि जुलैत ती कमरेभर पाण्याखाली जातात. म्हणून खोली मोजायची ती ऑगस्टमधल्या पातळीवरून.

काठावरच्या ओलीत किंवा चार बोटं पाण्यात वेखंड, नीरब्राह्मी, अळू, कर्दळ, नाळीची भाजी चालते. वीतभरापासून दोन फुटांपर्यंत पाणकणीस आणि देवनळ. पाणकणीस आवरायला कठीण, लहान तळ्यात ते मोकळं लावू नका. तळाला भोक नसलेल्या टबात लावून टब बुडवा, नाहीतर काही वर्षांत काठ त्याचाच होतो. दोन ते पाच फुटांत कमळ आणि कुमुदिनी. त्याहून खोल पाण्यात हायड्रिलासारख्या बुडून वाढणाऱ्या वनस्पती, त्याही ऊन पोचेल तिथपर्यंतच. गढूळ पाण्यात त्या टिकत नाहीत.

खोलीइतकंच महत्त्व पाणी किती दिवस टिकतं याला. मार्चमध्ये आटणाऱ्या तळ्यात कमळ जगतं, कारण कंद चिखलात पडून राहतो. हायड्रिलाचीही पुढची सोय चिखलातल्या बारीक गाठींत असते. मासे मात्र दरवर्षी नव्याने आणावे लागतात.

बळ्ळारी नाल्यातली जलपर्णी दरवर्षी काढली तरी परत का येते?

कारण ती खाते ते आपण रोज नाल्यात सोडतो. शहराचं सांडपाणी म्हणजे नत्र आणि स्फुरद. ते येत राहिलं की उरलेल्या मूठभर रोपांतून पुन्हा गालिचा तयार होतो. उबदार, खतावलेल्या पाण्यात जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. धावत्या फुटव्यांनी ती पसरते आणि जांभळ्या फुलांचं बी तळाच्या गाळात पंधरा-वीस वर्षंही जिवंत राहू शकतं. गाळ उघडा पडून त्यावर ऊन आलं की ते रुजतं. यंत्राने काढलेल्या नाल्यात पहिल्या पावसानंतर बोटभर रोपांची दाटी दिसते ती याच बियांची.

शहापूर, वडगाव, येळ्ळूर शिवारातलं नुकसान मात्र जलपर्णी एकटी करत नाही. नाल्याचा उतार कमी, पात्र गाळाने उथळ, त्यात पुलाच्या मोऱ्यांशी जलपर्णीचा बोळा अडकतो आणि पाणी शेतात पसरतं. हातात वेळ आणि पैसा थोडाच असेल तर सगळा नाला साफ करण्याच्या फंदात पडू नका. मोऱ्या आणि पुलांच्या वरच्या बाजूचा पट्टा आधी मोकळा करा.

काढण्याची योग्य वेळ एप्रिल-मे. पाणी कमी असतं, काठावर माणूस उभा राहतो आणि काढलेला माल वाळतो. दाट गालिचात एका चौरस मीटरला २० ते ४० किलो ओला माल निघतो, म्हणजे एका गुंठ्यातून दोन ते चार टन. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. ओला माल ट्रॉलीत भरणं म्हणजे डिझेल घालून पाणी वाहणं. काठापासून किमान दहा फूट आत टाकून पाच-सहा दिवस वाळवा आणि मग भरा. काठालगतच ढीग ठेवला तर पहिल्या वळवाने तो परत पात्रात.

काम वरच्या अंगाकडून खाली न्यावं आणि खाली दोराला रिकामे डबे बांधून आडकाठी टाकावी, म्हणजे सुटलेली रोपं पुढे जात नाहीत. दर पंधरा दिवसांनी दोन माणसांनी फिरून उरलेली रोपं हाताने उचलली तर यंत्राचा खर्च पुढच्या वर्षी निम्म्यावर येतो. नेमकी हीच फेरी कोणी करत नाही, कारण तिचा फोटो चांगला येत नाही.

तणनाशक मारून किंवा किडे सोडून जलपर्णी जात नाही का?

तणनाशकाने ती मरते, पण मेलेला गालिचा पाण्यातच कुजतो, प्राणवायू संपतो आणि मासे उलटे होतात. खाली त्याच पाण्यावर भात आणि भाजीपाला असतो. आमचं उत्तर स्पष्ट आहे: तणनाशक मारू नका.

किड्यांची गोष्ट वेगळी. जलपर्णीच खाणारे दोन भुंगे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला परदेशातून आणून, तपासून बेंगळुरू भागात सोडले गेले. प्रौढ भुंगा पाच मिलिमीटरच्या आसपास, पानावर लहान चौकोनी खरवडल्यासारखे डाग पाडतो. अळी देठ पोखरते. हे डाग तुमच्या तळ्यात आधीच दिसत असतील तर भुंगे आलेले आहेत, वेगळे सोडायची गरज नाही. परिणामाला काही वर्षं लागतात. बंदिस्त तळ्यात ते चांगलं काम करतात. दर पावसाळ्यात धुऊन जाणाऱ्या नाल्यात त्यांची वस्ती टिकत नाही. एका बाजूने भुंगे आणि दुसऱ्या बाजूने सगळी जलपर्णी उपसणं असं चाललं तर त्यांचं खाणंच जातं. दोन-तीन ठिकाणी गालिचाचा तुकडा राखून ठेवावा लागतो. याची माहिती धारवाडचं कृषी विज्ञान विद्यापीठ किंवा मत्तीकोपच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारता येईल.

काढलेल्या जलपर्णीचं खत करता येतं का?

येतं. पाच-सहा दिवस सुकवून कोयत्याने वीतभर तुकडे करा. पाच फूट रुंद, तीन-साडेतीन फूट उंच ढीग रचा: वीतभर जलपर्णी, वर दोन बोटं शेणकाला, त्यावर मूठ-मूठ माती, पुन्हा जलपर्णी. पंधरा-वीस दिवसांनी पालटा. अडीच ते तीन महिन्यांत खत होतं. ढीग ओला आणि थंड राहिला तर बी मरत नाही. आत हात घातल्यावर चटका बसला पाहिजे. तो बसत नसेल तर ढीग लहान आहे किंवा पाणी जास्त झालंय.

शहरी नाल्यातल्या जलपर्णीचं खत मेथी, कोथिंबीर, मुळा यांना घालू नका. ती पाण्यातले जड धातू मुळांत साठवते. झाडांच्या आळ्यात, बांबूला, रस्त्याकडेच्या लागवडीला चालेल. खेड्यातल्या स्वच्छ तळ्यातली असेल तर उसालाही घाला.

पाण्यावर हिरवं काहीतरी तरंगतंय. ते जलपर्णी, गोंडाळ की ॲझोला, कसं ओळखायचं?

देठ फुगीर, स्पंजासारखा आणि जांभळी फुलं असतील तर जलपर्णी. लहान कोबीच्या गड्ड्यासारखं, मखमली पानांचं ते गोंडाळ. पानं जोडीने, वरून उभे बारीक केस आणि पाणी टाकलं तरी ओलं होत नाही ते सॅल्व्हिनिया. हे दिसलं तर उशीर करू नका, जलपर्णीइतकंच त्रासदायक आहे. नखाएवढं, नेच्यासारखं खवलेदार आणि उन्हात तांबूस होणारं ते ॲझोला. मोहरीएवढी सुटी पानं ती डकवीड. आणि हाताला पकड न देणारा, रंगासारखा हिरवा थर असेल तर ती वनस्पती नाही, निळे-हिरवे जिवाणू आहेत. त्या पाण्यावर गुरं नेऊ नका, त्यातल्या काही जाती विषारी असतात.

म्हशीला ॲझोला द्यायचा आहे. खड्डा कसा करायचा आणि तो का फसतो?

ॲझोलाच्या पानात नॉस्टॉक नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतलं नत्र बांधतात, म्हणून त्यात प्रथिनं भरपूर. नत्राचं खत द्यावं लागत नाही, स्फुरद मात्र लागतं.

खड्डा दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, वीतभर खोल. चारी बाजूंनी विटा आडव्या लावून वर सिल्पॉलिनचा (जाड, टिकाऊ प्लॅस्टिकचा) कागद पसरायचा, खाली एक जुनं पोतं, म्हणजे मुळं आणि उंदीर कागद फाडत नाहीत. कागदावर १० ते १५ किलो चाळलेली माती सारखी पसरा. दोन किलो ताजं शेण आणि ३० ग्रॅम सुपर फॉस्फेट दहा लिटर पाण्यात कालवून ओता. मग पाणी वाढवून पातळी दहा सेंटिमीटर करा. नळाचं पाणी असेल तर आदल्या दिवशी भरून ठेवा. त्यात अर्धा ते एक किलो ॲझोला सोडा आणि वरून हलकं पाणी शिंपडा, उलटी पडलेली रोपं सरळ होतात. दहा-पंधरा दिवसांत खड्डा भरतो. त्यानंतर रोज ५०० ते ६०० ग्रॅम काढता येतो.

दर पाच दिवसांनी एक किलो शेण आणि २० ग्रॅम सुपर फॉस्फेट. दर दहा दिवसांनी पाव हिस्सा पाणी बदला. महिन्याला पाच किलो माती काढून नवी घाला. निघालेलं पाणी आणि माती नारळाला द्या.

फसतो तो बहुतेक चार कारणांनी. पहिलं, उघडं ऊन: बेळगावचा एप्रिल ॲझोलाला झेपत नाही, निम्मी सावली लागते. शेडनेट नसेल तर नारळाच्या झावळ्या. दुसरं, रोज न काढणं: दाटी झाली की खालचा थर कुजतो आणि अळ्या पडतात. अळ्या पडल्या तर औषध मारू नका, सगळं काढून खड्डा धुऊन नव्याने सुरू करा. तिसरं, लाल होणं: स्फुरद कमी, ऊन जास्त किंवा डिसेंबर-जानेवारीतली थंडी. चौथं, जास्त शेण घालणं.

दुभत्या जनावराला रोज दीड ते दोन किलो, तेही पेंडीत मिसळून. सुरुवातीला मूठभरच, नाहीतर म्हैस वासाने तोंड फिरवते. जाळीच्या टोपलीत दोन-तीनदा धुतलं की शेणाचा वास जातो. हिशेब सरळ आहे: एका म्हशीला असे तीन खड्डे लागतात. एका खड्ड्यावर पेंड वाचेल म्हणून सांगणाऱ्याचं ऐकू नका. कोंबड्यांसाठी मात्र एक खड्डा पुरतो.

घरामागच्या सांडपाण्याला कर्दळ-पाणकणसाचा वाफा किती मोठा लागतो?

इथे बोलतोय ते न्हाणी आणि भांड्यांच्या पाण्याबद्दल. संडासाचं पाणी यात सोडायचं नाही.

पाच माणसांच्या घरातून दिवसाला साधारण ३५० लिटर असं पाणी निघतं धरा. त्याला चार मीटर लांब, दीड मीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल वाफा पुरतो. आत अर्धा मीटर पाणी राहिलं आणि खडीमधली पोकळी चाळीस टक्के धरली तर १२०० लिटर मावतात, म्हणजे पाणी आत तीन दिवसांहून थोडं जास्त थांबतं. तेवढा वेळ लागतोच.

आधी दोन कप्प्यांची टाकी बांधा, पहिल्यात तेल वर तरंगतं आणि अन्नाचे कण खाली बसतात. ही टाकी वगळली तर वाफा वर्षभरात तुंबतो, बाकी काम कितीही नीट केलं तरी. वाफ्याला चिऱ्याची किंवा विटांची कड, तळाला एक टक्का उतार, आत जाड सिल्पॉलिन. पाणी शिरतं आणि निघतं त्या दोन्ही टोकांना हातभर रुंदीत मुठीएवढे दगड, मधे १० ते २० मिलिमीटर खडी, धुतलेली. क्रशरची धूळ असलेली खडी टाकली तर पहिल्याच महिन्यात पाणी वर येतं. बाहेर पडणाऱ्या पाइपला फिरता एल्बो बसवा, तो वर-खाली करून आतली पातळी ठरवता येते. पातळी खडीच्या दोन-चार बोटं खालीच हवी. पाणी दिसायला लागलं की डास आलेच.

चौरस मीटरला चार रोपं, म्हणजे एकूण चोवीस. कर्दळ सगळ्यात सोपी, दिसायलाही बरी. पाणकणीस आणि देवनळ जोरदार, पण देवनळाची टोकं कागदाला भोक पाडू शकतात. लावल्यावर दोन आठवडे साधं पाणी द्या, मगच सांडपाणी जोडा. पहिल्याच दिवशी साबणाचं पाणी सोडलं की रोपं पिवळी पडतात आणि दोष कर्दळीला लागतो. तीन-चार महिन्यांनी वरून छाटा आणि छाटलेलं बाहेर न्या. तिथेच कुजवलं तर झाडांनी उचललेलं नत्र परत पाण्यात. निघालेलं पाणी केळीला, नारळाला घाला. पिऊ नका, कोथिंबिरीवर शिंपडू नका.

परसात टबात कमळ लावायचं आहे. बी रुजत नाही.

बीचं कवच इतकं घट्ट असतं की ते तसंच पाण्यात टाकलं तर वर्षानुवर्षं काही होत नाही. चीनमध्ये हजार वर्षांहून जुनं कमळबीज रुजवलेलं आहे. कानसेवर किंवा खरबरीत फरशीवर बी घासा, आतला पांढुरका गर जेमतेम दिसेपर्यंत. बीला एका टोकाला टोचरा उंचवटा असतो, त्याच्या उलट बाजूने घासायचं. कोमट पाण्यात टाका, पाणी रोज बदला. चार ते सात दिवसांत हिरवा कोंब निघतो. पाणी दुधाळ झालं तर ते बी गेलं.

टब दीड-दोन फूट रुंद, गोल, तळाला भोक नसलेला. चौकोनी टबाच्या कोपऱ्यात कंद अडकतो. माती काळी, चिकट. बैलहोंगलकडची काळी माती उत्तम. नर्सरीतली हलकी माती, कोकोपीट हे सगळं तरंगतं. सहा बोटं माती, वर सुरुवातीला चार बोटं पाणी, पुढे वीतभर. खत पहिलं पान पाण्याबाहेर उभं राहिल्यावरच. सहा तास थेट ऊन नसेल तर पानं भरपूर, फूल नाही. बीपासून फुलाला दुसरं वर्ष लागू शकतं. डासांसाठी टबात दोन-तीन गप्पी मासे सोडा, पण टब धुताना ते नाल्यात किंवा विहिरीत ओतू नका. गप्पी परदेशी आहेत, स्थानिक माशांची अंडी-पिल्लं खातात.

नाल्याचं पाणी भातावर चढलं. किती दिवस टिकेल आणि नंतर काय करायचं?

बासमती, इंद्रायणी, इंटाण यांसारखे आपल्याकडचे बहुतेक वाण पूर्ण बुडाल्यावर आठवडाभर तग धरतात. पाणी गढूळ आणि कोमट असेल तर त्याहून कमी, स्वच्छ आणि वाहतं असेल तर थोडं जास्त. शेंडा पाण्याबाहेर राहिला तर चिंता कमी. बुडीत सहन करणारे खास वाण दोन आठवडे काढतात, पण तांदळाचा दाणा आणि वास वेगळा, त्यामुळे बासमतीच्या शिवारात ते कोणाला पटत नाहीत.

पाणी ओसरलं की लगेच युरिया टाकू नका. झाडाने साठवलेली ताकद संपलेली असते आणि नत्राने कोवळी, रोगट वाढ होते. पानांवरचा चिखल साध्या पाण्याने धुऊन काढा, पाणी निचरा करून चार-पाच दिवस थांबा, नवं पान फुटल्यावर खत द्या.

खेकडे बांध पोखरतात. औषध टाकावं का?

नको. बिळात फोरेट हे कीटकनाशक टाकायची सवय अजून गेलेली नाही. त्याच्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशभर बंदी आहे. शिवाय तेच खेकडे पावसाळ्यात कोणाच्या तरी कालवणात जातात. बांध तळाला दोन फूट रुंद ठेवा, चिखलणीच्या वेळी जुनी बिळं खडी आणि चिकण मातीने ठोकून बुजवा, बांधाच्या आतल्या बाजूला चिखलाचा लेप द्या. बांधावर वाळा लावला तर मुळं सरळ खाली जातात आणि माती धरून ठेवतात: वीतभराहून कमी अंतरावर, एका ओळीत, जूनमध्ये. बेशरम लावू नका. ती पाण्यात पसरते आणि शेळ्यांना विषारी आहे.

डबक्यातले बेडूक पकडलेले चालतात का?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली तो गुन्हा आहे. पहिल्या वळवात पिवळेजर्द होऊन ओरडतात ते मोठ्या बेडकांचे नर. ते मुद्दाम तात्पुरत्या डबक्यात अंडी घालतात, कारण तिथे मासे नसतात. त्याच आठवड्यात पकडले की त्या वर्षीची वीण गेली.

खानापूर-चोर्ला भागात सड्यावर कीटक खाणारी झाडं आहेत म्हणतात. कधी बघायची?

ऑगस्ट ते ऑक्टोबर, पाऊस उघडीप देतो तेव्हा. जांभ्या खडकावर माती बोटभर आणि पाणी सतत झिरपतं, त्यामुळे नत्र वाहून जातं. जे कीटकातून मिळवतात ते तिथे टिकतात. दवबिंदू नावाच्या झाडाच्या पानांवर चिकट थेंब असलेले लाल केस असतात, चिलट अडकलं की केस हळूहळू आत वळतात. सीतेची आसवे निळसर-जांभळी, गालिच्यासारखी फुलतात. तिचे सापळे मात्र मातीत, मिलिमीटरभराच्या फुग्यांसारखे. सूक्ष्म जीव स्पर्शला की फुगा सेकंदाच्या हजाराव्या भागात त्याला आत ओढतो. शेजारी गेंदाची पांढरी बटणं आणि कवल्याची पिवळी फुलं असतात.

उघड्या खडकावरूनच चाला. गाडी सड्यावर चढवली की चाकोरीतून पाणी वाहून जातं आणि त्या पट्ट्यात पुढची कित्येक वर्षं फक्त गवत येतं. घरी आणून ही झाडं जगत नाहीत: कुंडीतली खतावलेली माती आणि नळाचं क्षारयुक्त पाणी दोन्ही त्यांना मारक.

पक्षी बघायला कुठे जावं?

गोकाक तालुक्यातलं धुपदाळ, म्हणजे घटप्रभा पक्षी अभयारण्य, सुमारे तीस चौरस किलोमीटर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी नऊच्या आत. कांड्या करकोचे बघायचे तर हेच ठिकाण. हळदी-कुंकू बदकं, वारकरी, शेकाटे, शराटी ही मंडळी हिडकलच्या काठालाही भेटतात. कमळाच्या तळ्यात लांब बोटांनी पानांवर चालणारा कमळपक्षी पावसाळ्यात बघावा. अंडी उबवण्याचं काम नराचं, मादी दुसऱ्या नराकडे निघून जाते. तळ्यातली सगळी पानं काढून पाणी ‘स्वच्छ’ केलं तर हा पक्षी पहिल्यांदा जातो.

तळ्यातले मासे पहाटे तोंड वर काढतात. विष घातलं असेल का?

बहुतेक वेळा नाही. रात्री शेवाळही प्राणवायू वापरतं, त्यामुळे तो सूर्योदयाच्या आधी सगळ्यात कमी असतो. ढगाळ दिवसांनंतर किंवा निर्माल्य, शेण जास्त पडल्यावर हे होतं. ऊन चढल्यावर मासे खाली गेले तर तेच कारण. पंपाने तेच पाणी उंचावरून कारंज्यासारखं सोडा, खाद्य आणि शेण दोन-तीन दिवस बंद. दुपारीही मासे मरत असतील, लहान-मोठे एकदम, तर मात्र पाण्याचा नमुना काचेच्या बाटलीत भरून मत्स्य विभागाकडे न्या.

कृष्णेकाठी मगरी आहेत. नदीत उतरणं बंद करायचं का?

बंद नाही, पण जागा आणि वेळ बदला. पहाटे आणि तिन्हीसांजेला उतरू नका, कपडे धुताना पाण्यात कमरेपर्यंत जाऊ नका. माशांची आतडी, मेलेली जनावरं घाटाजवळ टाकली की मगर तिथे येते. मादी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात वाळूत अंडी घालते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत आसपास राहते, त्या दिवसांत वाळूच्या काठाने एकट्याने फिरू नये. पुरानंतर उसाच्या फडात मगर सापडली तर घेराव घालू नका, दोन बाजू मोकळ्या सोडा आणि वनखात्याला कळवा.

ब्राह्मी म्हणून बाजारात दोन वेगळ्या वनस्पती मिळतात. खरी कोणती?

दोन्ही ओलीत येतात आणि दोन्हीला ब्राह्मी म्हणतात. गोल, कातरलेल्या कडांचं, लांब देठाचं पान ती मंडूकपर्णी. कानडी घरांत तिला ओंदेलग म्हणतात आणि ताकातली तंबळी करतात. लहान, जाडसर, लांबट पानं आणि पांढरी-फिकट जांभळी फुलं ती नीरब्राह्मी, चवीला कडू. खाण्यासाठी पहिली, औषधासाठी वैद्य सांगेल ती. दोन्ही कुंडीत सहज येतात, त्यामुळे गटाराच्या काठची खुडायची गरज नाही. नाळीची भाजी आणि अळूलाही हाच नियम: सांडपाण्यावरची भाजी उकळून जंतू मरतात, जड धातू राहतात.

गावचं तळं बुजवतायत. कायदा काय म्हणतो?

२०१७ च्या पाणथळ नियमांत नदीपात्र, भातशेती आणि पिण्याचं पाणी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय धरलेले नाहीत. म्हणजे बेळगावला पाणी पुरवणारा राकसकोप जलाशय किंवा बळ्ळारी शिवार यांच्यासाठी त्यांचा आधार मिळत नाही. रामसर यादीतल्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतल्या, कर्नाटकातल्या जागा, म्हणजे रंगनतिट्टू, मागडी केरे, अंकसमुद्र आणि अघनाशिनी, सगळ्या जिल्ह्याबाहेरच्या. गावच्या तळ्याला राज्याचा २०१४ चा तलाव संरक्षण कायदा जास्त उपयोगी पडतो. आधी सर्व्हे नंबर काढा आणि उताऱ्यावर ती जागा ‘केरे’ (कानडीत तळं) म्हणून नोंद आहे का बघा. नोंद सरकारी तळ्याची असेल तर तहसीलदाराकडे मोजणीचा अर्ज द्या. अर्ज कानडीत असला की लवकर हलतो, सोबत मराठी प्रत ठेवा. फोटो मे आणि ऑगस्ट अशा दोन्ही महिन्यांतले, तारखेसह जोडा. फक्त उन्हाळ्यातला फोटो लावला तर ‘ही तर कोरडी जागा’ असा शेरा येतो.